लाकडाची आगबोट, लाकडाचाच माल: स्टीम स्कूनरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर साधारण १८८० नंतरची पन्नास-साठ वर्षं धावलेल्या लाकडी मालवाहू आगबोटींबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सोपे प्रश्न आधी, किचकट नंतर. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्टीम स्कूनर म्हणजे नेमकं काय? शिडाचं जहाज की वाफेचं?

वाफेचं. नावात मात्र शीड उरलं. स्कूनर हा शिडाच्या जहाजाचा एक प्रकार. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाकूड वाहायला दोन डोलकाठ्यांचे छोटे स्कूनर वापरत. १८८० च्या दशकात त्यातल्या काहींच्या मागच्या अंगाला बॉयलर आणि इंजिन बसवलं, आणि लोक त्यांना स्टीम स्कूनर म्हणू लागले. पुढे मुद्दाम तशीच जहाजं बांधली जाऊ लागली. सुरुवातीला इंधन वाचवायला शिडंही ठेवत. नंतर शिडं गेली, पण डोलकाठ्या राहिल्या, कारण माल उचलणाऱ्या दांड्यांना आधार लागतोच. अशी सव्वादोनशेच्या आसपास लाकडी जहाजं बांधली गेली. शेवटची १९२३ च्या सुमाराची.

२. लाकूड जहाजानेच का न्यायचं? रेल्वे नव्हती का?

नव्हती, निदान जिथे हवी तिथे नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मेंडोसिनोचा किनारा म्हणजे सरळ समुद्रात उतरणारे कडे, मागे डोंगर आणि डोंगरात रेडवुडची अजस्र झाडं. नदीच्या मुखाशी लाकूड कापायची गिरणी टाकायची आणि कापलेला माल तिथूनच समुद्रावर चढवायचा, एवढाच मार्ग होता. हम्बोल्ट उपसागरावरच्या युरेका गावाला सॅन फ्रान्सिस्कोशी जोडणारी रेल्वे पूर्ण झाली ती १९१४ मध्ये.

मग शिडाचं जहाज काय वाईट होतं? त्या किनाऱ्यावर वारा बहुतेक काळ वायव्येकडून वाहतो. भरलेलं जहाज दक्षिणेला सॅन फ्रान्सिस्कोकडे वाऱ्याबरोबर सुखाने येतं. रिकामं परत जाताना मात्र तोंडावर वारा घेऊन नागमोडी चालत किती दिवस लागतील याचा भरवसा नसतो. वाफेने तो भरवसा दिला. शिवाय लाट उठली की अरुंद खाडीतून लगेच बाहेर पडता येऊ लागलं, आणि माझ्या मते वेगापेक्षा हा फायदा मोठा होता (का ते प्रश्न ४ मध्ये).

३. आगबोट आणि तीही लाकडाची? आग लागायची नाही का?

लागायची. बॉयलरभोवती लोखंडी पत्रा वगैरे असे, तरी काही जहाजं जळालीच. तरीही मालक लाकूडच निवडत, कारण हिशेब साधा होता. जहाज बांधायचं लाकूड गिरणीच्या दारातच उभं होतं. डग्लस फरच्या झाडातून इतक्या लांब आणि बिनगाठीच्या तुळया निघत की जोड कमी लागत. पोलाद मात्र देशाच्या पूर्व भागातून आणावं लागे, आणि पनामा कालवा ऑगस्ट १९१४ मध्ये खुला होईपर्यंत समुद्रमार्गे येणारा जड माल दक्षिण अमेरिकेला वळसा घालून यायचा. त्यातून धक्क्याला आपटलं, खडकाला घासलं, तर लाकडी जहाजाची फळी गावचा सुतारही बदलू शकतो.

म्हणजे जहाज ज्या लाकडाचं, त्याच लाकडाने भरलेलं. गुळाच्या ढेपीच्या गाडीची चाकंही गुळाची असावीत, तसा प्रकार.

४. बंदरच नव्हतं, तर माल चढवायचे कसे?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि खरी गंमत इथेच आहे.

मेंडोसिनो किनाऱ्यावरच्या या खाचांना खलाशी ‘डॉग-होल’ म्हणत: कुत्र्याला जेमतेम वळता येईल एवढी जागा. धक्का नाही, लाटा अडवणारी भिंत नाही, तिन्ही बाजूंना खडक. जहाज आत शिरून आधीच नांगरून ठेवलेल्या तरंगत्या बोयांना पुढून-मागून दोर बांधून उभं राही. वर कड्यावर गिरणीचा माल रचलेला. कडा आणि डेक यांच्यात शे-दीडशे फुटांची पोकळी, खाली फेसाळ पाणी.

जुनी पद्धत घसरगुंडीची. कड्यावरून लाकडी पन्हळ जहाजाच्या दिशेने खाली सोडलेली असे आणि तिचं टोक दोरांनी वर-खाली करता येई. वरून एकेक फळी सोडायची. टोकाशी लाकडाची एक झडप असे. ती दाबून धरणारा माणूस फळीचा वेग मोडायचा, नाहीतर सुसाट आलेली फळी डेक फोडून जाईल किंवा खालच्या माणसाला घेऊन जाईल. खाली जहाज लाटेवर वर-खाली होतंय आणि खलाशी फळी हातात झेलून जागेवर नेऊन ठेवतोय. एक फळी, मग दुसरी. अशा हजारो.

नंतर तार आली. कड्यावरून जाड पोलादी तार निघे, जहाजाच्या वरून जाई आणि पलीकडे समुद्रात नांगरलेली असे. तिच्यावर चाकांची पाळणी धावे. फळ्यांचा गठ्ठा पाळणीला टांगायचा, तो स्वतःच्या वजनाने उतरायचा, आणि रिकामी पाळणी वाफेच्या विंचने परत वर ओढायची. आता फळ्या एकेक न येता गठ्ठ्याने येऊ लागल्या. या तारेवरून बटाट्याची पोती आली, पेटीत बसून माणसंही उतरली.

एवढं सगळं चालू असताना बॉयलरमधली वाफ तयार ठेवलेली असे. समुद्राचा रंग बदलला, मोठी लाट येताना दिसली, की दोर सोडून, अर्धवट माल घेऊन, सरळ बाहेर. शिडाच्या जहाजाला हेच जमत नसे, आणि त्या खडकांवर फुटलेल्यांत शिडाची जहाजं का इतकी, त्याचं उत्तर यात आहे.

मोठ्या ठिकाणी, म्हणजे हम्बोल्ट उपसागर, कोलंबिया नदी किंवा ग्रेज हार्बर इथे, व्यवस्थित धक्के होते. तिथे धोका निराळा: नदीच्या मुखाशी साचलेली वाळू आणि तिच्यावर फुटणाऱ्या लाटा. कोलंबियाच्या मुखावर ओहोटी आणि समुद्राची लाट समोरासमोर भिडली की बाहेर थांबून वाट बघणं हाच शहाणपणा.

५. एका जहाजात लाकूड मावायचं तरी किती?

सुरुवातीच्या छोट्या जहाजांत काही लाख बोर्ड फूट. १९१५ मध्ये ओरेगनमधल्या सेंट हेलेन्सला बांधलेल्या ‘वपामा’मध्ये दहा लाखांच्या आसपास.

बोर्ड फूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड. आपल्या वखारीत घनफुटावर, म्हणजे सीएफटीवर, भाव सांगतात. बारा बोर्ड फुटांचा एक घनफूट. त्या हिशेबाने दहा लाख बोर्ड फूट म्हणजे सुमारे ८३,००० घनफूट. ओल्या डग्लस फरचा एक घनफूट १७ किलोच्या आसपास धरला तर वजन १,४०० टन. पंधरा टनांचे नव्वदहून अधिक ट्रक उभे करा, तेवढा माल.

६. पण ‘वपामा’ची नोंद ९५१ टनांची आहे. मग तिच्यात १,४०० टन माल कसा?

नोंदणीतला टन वजनाचा नसतो, जागेचा असतो. १०० घनफूट बंदिस्त जागा म्हणजे एक टन. त्या ९५१ टनांत इंजिनाची, बॉयलरची, माणसांच्या खोल्यांचीही जागा धरलेली आहे. उघड्या डेकवर रचलेला माल त्यात मोजलाच जात नाही, आणि या जहाजांचा निम्म्याच्या आसपास माल डेकवरच असे.

७. डेकवर एवढा उंच ढीग? जहाज उलटत नसे?

होडीत उभं राहिलं की ती डुचमळते, हे सगळ्यांना माहीत आहे. इथे तर शेकडो टन उभे केलेले. वाचत असत ते दोन कारणांनी: ही जहाजं लांबीच्या मानाने रुंद होती, आणि पोटात आधी जड, ओला माल दाबून भरत. डेकवरचा ढीग साखळ्यांनी आवळून टर्नबकलने, म्हणजे पिळून साखळी घट्ट करायच्या स्क्रूने, ताणत. भरलेली स्टीम स्कूनर लांबून पाहिली तर चालती वखारच. मधून धुराडं आणि डोलकाठ्या वर आलेल्या.

गोची पुढे होते. वाटेत पाऊस आणि लाटांचं पाणी पिऊन वरचं लाकूड जड होतं, तर खाली टाकीतलं इंधन जळून तळ हलका होत जातो. निघताना सरळ असलेलं जहाज पोहोचताना एका बाजूला झुकलेलं असायचं. फारच झुकलं, तर साखळ्या सोडून वरचा माल समुद्रात लोटायचा. मालकाचा तोटा होई, पण कप्तानाला त्यासाठी बोल लावायला फारसं कुणी धजत नसे.

८. खलाशी कोण होते? माल चढवायला वेगळे हमाल असत का?

नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड इथले इतके की या ताफ्याला गमतीने ‘स्कँडिनेव्हियन नेव्ही’ म्हणत. एका जहाजावर दोन-तीन ओल्सन आणि तितकेच जॉन्सन, म्हणून कप्तानांना टोपणनावं पडत. आपल्याकडे एका गावात चार तुकाराम असले की ‘वरच्या आळीतला’ आणि ‘मिशीवाला’ होतात, तसंच.

हमाल वेगळे नसत, आणि हेच या नोकरीचं वैशिष्ट्य. जहाज चालवणाराच माल भरायचा, आणि तोच उतरवायचा. कुठली फळी कुठे बसेल, ढीग कसा सांधला म्हणजे लाटेत हलणार नाही, हे कसब हातात बसायला वर्षं लागत. दिवसभर फळ्या ओढायच्या आणि रात्री जहाज निघालं की पाळीवर उभं राहायचं. बोटं चेंगरणं, पाय मोडणं नेहमीचं. जेवण मात्र चांगलं मिळे असा लौकिक होता. न मिळालं तर माणसं पुढच्या बंदरात उतरून दुसरं जहाज धरत. धक्क्यावर जहाजांची कमी नव्हती.

संघटनेची गोष्ट इथेच सांगायला हवी. ६ मार्च १८८५ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोच्या फॉल्सम स्ट्रीट धक्क्यावर, लाकडाच्या ढिगांवर बसून, किनाऱ्यावरच्या खलाशांनी आपली युनियन उभी केली. पण ती शिडवाल्यांची. वाफेवरच्या खलाशांना शिडवाले अस्सल दर्यावर्दी मानायला तयार नव्हते, म्हणून त्यांनी पुढच्या वर्षी वेगळी काढली. १८९१ मध्ये दोन्ही एक होऊन ‘सेलर्स युनियन ऑफ द पॅसिफिक’ झाली. तिचे नॉर्वेत जन्मलेले नेते अँड्र्यू फ्युरुसेथ यांनी वर्षानुवर्षं वॉशिंग्टनचे उंबरे झिजवले आणि १९१५ चा सीमेन्स अॅक्ट, म्हणजे खलाशांच्या हक्कांचा कायदा, पदरात पाडून घेतला. जहाज सोडून गेलेल्या खलाशाला तुरुंगात टाकायची तरतूद त्याने काढून टाकली. किनाऱ्यालगतच्या जहाजांपुरती ती १८९५ मध्येच गेली होती.

९. धुक्यात रडार नसताना काय करत?

भोंगा वाजवत आणि कान देत. त्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात धुकं दिवसेंदिवस हटत नाही. भोंग्याचा आवाज कड्यावर आपटून परत यायला दोन सेकंद लागले तर कडा सुमारे ३४० मीटरवर, सहा सेकंद लागले तर किलोमीटरभर. मुरलेला कप्तान प्रतिध्वनीच्या पोतावरून कडा आहे, वाळू आहे की खाडीचं तोंड, ते ओळखे. अमुक शेतावरचा कुत्रा भुंकला की वळायचं, असेही किस्से सांगतात. ते निम्मे खरे धरावेत.

१०. लाकडाने भरलेलं जहाज बुडतं का?

सहजासहजी नाही. भोक पडलं तरी पोटातलं लाकूड तरंगत राहतं आणि जहाज पाण्याशी डेक टेकवून, भिजलेल्या ओंडक्यासारखं लटकतं.

याचं सगळ्यात भीषण उदाहरण २१ जुलै १९०७ च्या मध्यरात्रीनंतरचं. उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या शेल्टर कोव्हजवळ धुक्यात ‘सॅन पेड्रो’ ही लाकडाने लादलेली स्टीम स्कूनर ‘कोलंबिया’ या प्रवासी जहाजावर आदळली. ‘कोलंबिया’ लोखंडी, नावाजलेली. १८८० मध्ये एडिसनचे विजेचे दिवे त्याच्या प्रयोगशाळेबाहेर पहिल्यांदा याच जहाजावर लागले होते. ती काही मिनिटांत गेली आणि ८८ जण बुडाले. ‘सॅन पेड्रो’चं नाक फुटलं, पोटात पाणी शिरलं, पण मालामुळे ती तरंगत राहिली आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना तिच्याच पाण्याने धुतल्या जाणाऱ्या डेकवर चढवलं गेलं.

अपवादही लक्षात ठेवा. १८ सप्टेंबर १९१४ ला ओरेगनजवळच्या वादळात ‘फ्रान्सिस एच. लेगेट’ बुडाली आणि फक्त दोघे वाचले. ती पोलादी होती, डेकवर रेल्वेचे स्लीपर होते. जहाज उलटल्यावर तेच स्लीपर लाटांबरोबर पोहणाऱ्यांच्या अंगावर येऊन आदळत राहिले.

११. इंजिनात काय जाळत?

आधी कोळसा आणि लाकूड. कॅलिफोर्नियात चांगला कोळसा नव्हता, बाहेरून आणावा लागे आणि महाग पडे. १९०० च्या आसपास तिथे खनिज तेल मुबलक निघू लागलं आणि जहाजं भराभर तेलावर गेली. कोळसा ओढणारे हात त्यामुळे कमी लागले.

१२. या जहाजांतून माणसं प्रवास करत का?

करत. रस्तेच नव्हते. डेकवर मागे बांधलेल्या घरात थोड्या खोल्या असत. त्यात गिरणीचा कारकून, शाळेत नेमलेली बाई, फिरता विक्रेता. उत्तरेला वर जाताना पोटात पीठ, यंत्रांचे सुटे भाग, गवत, कधी घोडा. खाली येताना लाकूड, लोण्याची पिंपं, झाडांच्या साली. आपल्या मालट्रकच्या केबिनमध्ये गावचे दोघे-तिघे बसतात, त्या नात्याने हे जहाज पाहावं.

१३. एक जहाज किती वर्षं टिकायचं?

वीस-पंचवीस वर्षं काढली म्हणजे पैसे फिटले असं समजत. शत्रू दोन. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा, आणि वरून झिरपणारं पावसाचं गोडं पाणी. दुसरा जास्त वाईट, कारण मीठ लाकूड टिकवतं आणि गोडं पाणी कुजवतं. म्हणून बांधतानाच बरगड्यांच्या पोकळीत खडेमीठ भरायची पद्धत होती. फळ्यांमधल्या फटींत डांबरात भिजवलेले तंतू ठोकून बसवायचं काम, कोकणात ज्याला कलाफत म्हणतात, ठरावीक काळाने पुन्हा करावंच लागे.

१४. कोकणात अशी जहाजं होती का?

तशी नाही. आपल्या किनाऱ्यावर लाकूड, कौलं, मीठ हा माल पडाव, मचवे आणि गलबतं वाहत, म्हणजे शिडाची लाकडी जहाजं. आगबोटी लोखंडी-पोलादी आणि मुख्यतः उतारूंच्या. साम्य एकच, पण जवळचं: धक्का नाही म्हणून आगबोट समुद्रात उभी आणि पडावातून माणसं चढवायची, हे कोकणातल्या जुन्या लोकांना सांगावं लागत नाही. डॉग-होलमधला खलाशी आणि रत्नागिरीचा खलाशी यांना एकमेकांची अडचण एका नजरेत कळली असती.

लाकडात मात्र फरक मोठा. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ १८१७ चं आहे आणि आजही इंग्लंडमध्ये पाण्यावर आहे. डग्लस फर सागवान नव्हे.

१५. अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांवरच्या लाकडी मालवाहू आगबोटी याच का?

नाही, चुलत भावंडं. मिशिगनचं पाइन शिकागोकडे नेणाऱ्या त्या आगबोटी बहुधा मागे एक-दोन बिनइंजिनाची जहाजं ओढत न्यायच्या. पॅसिफिकच्या लाटेत असं ओढणं परवडलं नसतं. सरोवराचं पाणी गोडं, त्यामुळे तिथे पोखरणारा किडाही नाही.

१६. ही जहाजं संपली कशाने?

१८ एप्रिल १९०६ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्को बेचिराख झालं. शहर पुन्हा बांधायला लाकूड हवं होतं आणि या धंद्याला भरती आली. पुढे लॉस एंजेलिस वाढू लागलं, तेव्हा सॅन पेड्रो बंदरात लाकडाच्या राशी पडू लागल्या. मग पोलादी जहाजं आली, एका वेळी कितीतरी जास्त माल नेणारी. पक्के रस्ते झाले, ट्रक आले. १९२९ नंतर मंदीत बांधकामं थांबली. १९३४ च्या गोदी कामगार आणि खलाशांच्या मोठ्या संपानंतर जुन्या, माणसं जास्त लागणाऱ्या जहाजांचा हिशेब जुळेना. कुणी अलास्काला गेली, कुणी भंगारात.

आणि झाडं? किनाऱ्यावरच्या मूळ रेडवुड जंगलातलं आज पाच टक्क्यांच्या आसपासच उरलं आहे. जहाजाच्या सौंदर्याबद्दल लिहिताना हा आकडा बाजूला ठेवणं मला जमत नाही.

१७. मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहतो. ‘वपामा’ पाहता येईल का?

नाही. ती या जातीची शेवटची उरलेली होती. ‘टोंगास’ या नावाने अलास्काच्या मार्गावर काम करून निवृत्त झाल्यावर १९५७ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने ती विकत घेतली. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या हाइड स्ट्रीट धक्क्यावर लोकांनी ती पाहिली. १९८४ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जाही मिळाला. पण कूज थांबली नाही (प्रश्न १३). जहाज स्वतःचं वजन पेलेना म्हणून ते तराफ्यावर चढवून ठेवलं, तिथे पाऊस झेलत ते आणखी खचलं, आणि २०१३ मध्ये रिचमंडला मोडलं गेलं. मोजमापं घेतली, निवडक भाग संग्रहासाठी काढून ठेवले.

१८९५ चा शिडाचा लाकूडवाहू स्कूनर ‘सी. ए. थेयर’ मात्र शिल्लक आहे, सॅन फ्रान्सिस्कोच्या सागरी ऐतिहासिक उद्यानात. जाण्याआधी धक्का खुला आहे का ते पाहून जा.

१८. जुन्या फोटोतलं जहाज स्टीम स्कूनर आहे हे ओळखायचं कसं?

धुराडं कुठे आहे ते आधी पाहा. अगदी मागे असेल आणि पुढे सगळा डेक मोकळा, तर ‘सिंगल-एंडर’. ‘वपामा’ तशीच होती. इंजिन, धुराडं आणि घर मध्यभागी, पुढे-मागे दोन्हीकडे माल, तर ‘डबल-एंडर’. डोलकाठ्यांना तिरपे लाकडी दांडे टेकलेले असतील, शीड बहुधा नसेल. बाजूला नीट पाहिलंत तर डेकच्या वर माणसाच्या उंचीहून जास्त फळ्यांचे थर दिसतील, आणि त्या फळ्यांवर एखादा माणूस दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा असेल.